घातलं सहा लिटर, निघालं पावणेसात

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या गॅरेजात एका पिकअपच्या इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा नट सोडून ऑइल मापाच्या डब्यात घेतलं. मालकाकडे दीड महिन्यापूर्वीची पावती होती: पाच लिटरचा एक कॅन आणि एक लिटरची एक बाटली. फिल्टरमधलं आणि आधी वरून ओढून घेतलेलं धरून डब्यात पावणेसात लिटर भरलं. माझ्या हाताखालचा पोरगा डब्याकडे बघत म्हणाला, “अण्णा, ऑइल व्यायलं की काय?”

इंजिन ऑइल खातं, गळतं, जाळतं, हे रोजचं आहे. पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसलं की मात्र बहुतेक मालक खूश होतात, आणि हा मालकही चार महिने खूशच होता. त्याची तक्रार वेगळी होती. इंजिनात टिकटिक येत होती आणि ती बंद करायला नेमकं कुठलं ऑइल घालावं एवढंच त्याला हवं होतं. त्याआधी दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळाली होती. तिसरं उत्तर मी दिलं आणि तेही अर्धंच निघालं. कुठे काय चुकलं ते सगळं इथे लिहितो, माझं चुकलेलंसुद्धा.

गाडी २०२१ ची, बीएस-६, चार सिलिंडरचं कॉमन रेल डिझेल, वर हायड्रॉलिक लॅश अ‍ॅडजस्टर, खाली सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. नव्वद हजारांच्या आसपास चाललेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या प्रकरणात कंपनीचा काही दोष नाही आणि हीच गोष्ट कुठल्याही बीएस-६ डिझेल पिकअपला घडू शकते. मालकाचे वडील मागावर होते, त्याचा स्वतःचा टॉवेलचा छोटा कारखाना सोलापुरात अक्कलकोट रोडला. त्यामुळे त्याचा कान तयार. आवाजाचं वर्णन त्याने एका वाक्यात केलं: “अण्णा, लांबच्या खोलीत कोणीतरी धोटा मारतंय असं वाटतंय, पण माग लई जोरात चाललाय.”

ते वर्णन मला नंतर कामाला आलं. साधा पॉवरलूम मिनिटाला शे-सव्वाशे धोटे मारतो. हा आवाज त्याच्या तिप्पट-चौपट होता.

आधीचे दोन उपाय

टिकटिक जानेवारीत सुरू झाली, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास. पहिल्या गॅरेजात बोनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं आणि निदान झालं: टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा आवाज, ऑइल पातळ आहे, सोलापूरच्या उन्हात पाण्यासारखं ऑइल चालत नाही. बुकात सांगितलेलं ५डब्ल्यू-३० काढून जास्त दाट २०डब्ल्यू-५० घातलं. टिकटिक त्याच दिवशी थांबली. मालकाने त्या मिस्त्रीला चहा पाजला असणार, मीही पाजला असता.

पण आठवड्यात ड्रायव्हर कुरकुरायला लागला. पहाटे गाडी सुरू केली की आवाज आधीपेक्षा जास्त वेळ येतो, गाडी जड ओढते, अ‍ॅव्हरेज कमी पडतं. डीपीएफचा दिवाही अधूनमधून लागतो. मार्चअखेरीस मालक कंटाळला आणि ऑइलच्या दुकानातून पुन्हा ५डब्ल्यू-३० घालून आला. महिनाभर गाडी शांत. मेमध्ये टिकटिक परत हजर.

मग दुसरं गॅरेज. तिथे सांगितलं, डिझेल फवारणारे इंजेक्टर गेलेत, चारही बदला, हेडही एकदा खोलून बघू. आकडा ऐंशी हजारांच्या पुढचा. तिथून मालक माझ्याकडे आला, भर दुपारी, गाडी पूर्ण तापलेली.

ऑइल बदललं की महिनाभर शांतता आणि मग हळूहळू आवाज, हे मला पहिल्याच बैठकीत कळलं होतं. त्यावर थांबून विचार केला असता तर पुढचा अर्धा दिवस वाचला असता. झिजलेला भाग नवीन ऑइलने महिनाभर बरा होत नाही. काहीतरी त्या ऑइललाच महिन्याभरात खराब करत होतं.

कान आणि मोजणी

मी आधी मोजलं. इंजिन स्लोवर, म्हणजे रेस न देता, ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेरे) होतं, फोनवर आवाज रेकॉर्ड केला आणि चौपट हळू वाजवून तीन सेकंदांतल्या टिका मोजल्या. ८०० आरपीएमला तीन सेकंदांत क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, चाळीस वेळा फिरतो. टिका आल्या वीस. क्रँकचे दोन फेरे, एक टिक. म्हणजे आवाज कॅमच्या चालीने येत होता, कारण व्हॉल्व्ह उघडणारा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो.

इथे घाई करणारे बरेच असतात. निम्मा वेग म्हणजे टॅपेट, संपलं. तसं नसतं. फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरचा इंजेक्टरही दोन फेऱ्यांत एकदाच मारतो, आणि त्या सिलिंडरचा एक्झॉस्टही दोन फेऱ्यांत एकदाच सुटतो. सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून धूर फुटत असेल तर त्याचीही टिक याच वेगाने येते. मोजणीने संशयित तीन उरले, एक नव्हे.

मग लांब पेचकसाची मूठ कानाला लावून हेडवर फिरलो. आता माझ्याकडे स्टेथोस्कोप आहे, तरी पेचकस हातात घेतल्याशिवाय मला ऐकू येत नाही, सवयीचा भाग. आवाज टॅपेट कव्हरच्या मधल्या भागात, दोन नंबर सिलिंडरवर सगळ्यात ठळक. इंजेक्टरवर टोक टेकवलं तर त्यांची नेहमीची कोरडी, बारीक टकटक, चारही सारखी.

जुन्या डिझेलवर काम केलेल्यांना एक सवय असते: एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करायचा आणि आवाज बदलतो का बघायचं. कॉमन रेलवर, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच पाइपातून डिझेल देणाऱ्या इंजिनावर, हे करू नका. जुन्या पंपाच्या मानाने तिथला दाब फार मोठा, हजार बारच्या वर जातो, आणि त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आत डिझेल पसरलेलं असतं आणि बोट जायची वेळ येते. स्कॅनर लावा आणि एकेक इंजेक्टर त्यातून बंद करून बघा. मी तेच केलं. दोन नंबर बंद केला तरी टिकटिक तशीच. चारही इंजेक्टरच्या करेक्शनचे (संगणक प्रत्येकात करतो त्या दुरुस्तीचे) आकडे मर्यादेत. धूर नाही. ऐंशी हजारांचा खर्च तिथेच टळला.

स्कॅनर लावलाच होता म्हणून डीपीएफचं पान उघडलं. या गाडीत रीजनरेशन, म्हणजे जाळीतली काजळी जाळून टाकणं, किती वेळा सुरू झालं आणि किती वेळा पुरं झालं ते दिसतं. शेवटचं ऑइल घातल्यापासून चौदा वेळा सुरू झालेलं, पुरं झालेलं तीन वेळा.

“पट्टी बघता का कधी?” मी विचारलं.

“बघतो की ओ. कमी होतच नाही. इंजिन एकदम टाइट आहे अण्णा, उलट वाढायलंय.”

पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्या वर, बोटाचं अर्धं पेर. पट्टी नाकाजवळ नेली तर डिझेलचा वास. वास फसवतो, कारण गॅरेजात सगळ्यालाच डिझेलचा वास असतो, म्हणून एक थेंब टीपकागदावर टाकून कागद बाजूला ठेवला. दोन-तीन तासांनी मधे काळा गोल, आणि त्याच्या बाहेर तेलकट, पारदर्शक कडं. ते बाहेरचं कडं म्हणजे डिझेल.

डिझेल ऑइलात आलं कसं

डीपीएफ ही काजळी अडवणारी जाळी. काजळी भरली की ती जाळावी लागते, त्याला सुमारे सहाशे अंश उष्णता लागते. एवढी उष्णता शहरात हळू चालणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये आपोआप तयार होत नाही. मग इंजिनाचा संगणक स्फोट होऊन गेल्यावर उशिरा थोडं जास्तीचं डिझेल फवारतो, ते पुढे जाऊन पेटतं आणि जाळी तापते. या उशिराच्या फवाऱ्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं आणि रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. पेट्रोल असतं तर गरम ऑइलातून बरंचसं उडून गेलं असतं. डिझेल उकळायलाच दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या पुढे सुरुवात करतं. चेंबरमधलं ऑइल साधारण शंभराच्या आसपास. म्हणून डिझेल एकदा खाली उतरलं की तिथेच मुक्काम.

रीजन पुरं झालं तर पुढचे बरेच किलोमीटर हा फवारा लागत नाही. अर्धवट राहिलं तर काजळी तशीच, थोड्या वेळाने पुन्हा सुरुवात, पुन्हा फवारा, पुन्हा अर्धवट.

आता मालकाला खरा प्रश्न विचारला: दिवाळीपासून काय बदललं? आधी ही गाडी सांगोल्याकडची डाळिंबं घेऊन पुण्याला जायची, एका फेरीला सलग चार-पाच तास महामार्ग. दिवाळीनंतर त्याने ते काम सोडलं आणि गाडी स्वतःच्या मालाला लावली. साखर पेठेतून टॉवेलचे गठ्ठे उचलायचे, अक्कलकोट रोड एमआयडीसीतून थोडे, आणि हैदराबाद रोडच्या ट्रान्सपोर्ट गोडाउनात टाकायचे. एक फेरी सहा-सात किलोमीटरची. गठ्ठे चढवताना इंजिन चालू, कारण बंद करून चालू केलं तर डिझेल जास्त जातं असं कोणीतरी सांगितलेलं. पूर्व भागातल्या गल्ल्यांत गाडी वेग काय घेणार! रीजन सुरू व्हायचं आणि पाच मिनिटांत ड्रायव्हर चावी काढायचा.

टिकटिक जानेवारीत आली ती अशी.

डिझेलने टिकटिक कशी होते

हायड्रॉलिक अ‍ॅडजस्टर म्हणजे ऑइलच्या दाबावर फुगून राहणारी छोटी कुपी. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यातली फट ती भरून काढते, म्हणून अशा इंजिनात टॅपेट सेट करावे लागत नाहीत. ऑइल फार पातळ झालं की कुपीतलं ऑइल दाबाखाली लवकर निसटतं आणि फट उरते. फट उरली की टिक.

पातळ किती झालं असेल? १०० अंशांना ३० नंबरच्या ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असावा लागतो. या गाडीला लागणारं ऑइल त्यातल्या वरच्या बाजूचं, बाराच्या आसपास. डब्यातल्या पावणेसात लिटरपैकी पाऊण लिटर डिझेल, म्हणजे सुमारे अकरा टक्के. मिश्रणाच्या हिशेबाने तो दाटपणा आठाच्या जवळपास येतो. २० नंबरचं ऑइल ६.९ ते ९.३ च्या मधलं. डब्यावर ३० लिहिलेलं होतं, घातलं तेव्हा ३० च होतं, पण त्या दिवशी चेंबरमध्ये होतं ते २० चं.

आणि दुसरी गोष्ट जास्तीच्या लेव्हलची. ऑइल खुणेच्या फार वर गेलं की क्रँक ते घुसळतो, ताकासारखा फेस येतो, आणि फेसाने भरलेली कुपी दाबली जाते. मग आवाज पातळपणाचा की फेसाचा? हे मला वेगळं करायचं होतं, म्हणून ऑइल एकदम काढलं नाही. ऑइलच्या प्रेशर स्विचच्या जागी दाब मोजणारा गेज लावला. तापलेल्या इंजिनाला स्लोवर ०.७ बार, आणि काटा थरथरतोय. या इंजिनाच्या बुकात किमान १ बार. मग पट्टीच्या नळीतून बारीक पाइप घालून साडेसहाशे मिलिलिटर ओढून घेतलं, लेव्हल खुणेवर आणली, पुन्हा सुरू केलं. काट्याची थरथर थांबली. आकडा मात्र ०.७ वरच. आवाज किंचित मऊ झाला, गेला नाही. म्हणजे फेसाचा वाटा थोडा, पातळपणाचा जास्त.

एवढं झाल्यावर चेंबर खाली केलं, फिल्टर बदलला आणि बुकातल्याच ग्रेडचं नवीन ऑइल भरलं. तापल्यावर स्लोवर १.४ बार. टिकटिक नाही. मालकाने कान लावून ऐकलं, मान डोलावली आणि गाडी घेऊन गेला. संध्याकाळी सहा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला फोन. “अण्णा, आवाज तसाच यायलाय.”

माझी चूक

ड्रायव्हर म्हणजे अक्कलकोटकडचा विशी-बाविशीचा पोरगा, घरी कानडी बोलणारा, मराठी जपून बोलतो. आदल्या दिवशी दुपारी मी पेचकस लावून ऐकत असताना तो मागे उभा राहून म्हणाला होता, “सकाळचा आवाज वेगळा आहे साहेब, दुपारचा वेगळा.” मालक त्याला म्हणाला, “तू गप बे, मिस्त्रींना ऐकू दे.” मी त्याच्याकडे मान वळवूनही बघितलं नाही. गाडी माझ्याकडे तापलेली आली, मी तापलेलीच तपासली आणि तापलेलीच परत दिली.

गाडी त्या रात्री गॅरेजात ठेवून घेतली. सकाळी साडेसहाला, इंजिन पूर्ण थंड, ड्रायव्हरला बोलावून त्यालाच चावी मारायला सांगितली. आवाज आला. मोजला तर तोच वेग, तीन सेकंदांत वीस. पण जात वेगळी. कालचा आवाज टणक होता, धातूवर धातू. हा फुसका, “फट्-फट्” असा, आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की जोर धरणारा. पाच-सात मिनिटांत इंजिन तापलं आणि आवाज विरून गेला.

थंडपणी येणारा, लोड दिला की वाढणारा आणि तापल्यावर जाणारा आवाज म्हणजे पहिला संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. लोखंड तापून फुगतं आणि फट बुजते. ऑइलच्या टिकटिकीची चाल नेमकी उलटी असते: ती तापल्यावर येते, कारण ऑइल तापल्यावर पातळ होतं. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं मॅनिफोल्डच्या कडेने फिरवलं, चार नंबरपाशी, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या बाजूला, कानात अक्षरशः फुंकर. टॉर्च मारला तर गॅस्केटच्या कडेला बोटभर लांबीचा काळा ओघळ, आणि त्याच्या वरचा स्टड मुंडी तुटलेला.

ड्रायव्हरला विचारलं, केबिनमध्ये वास येतो का? म्हणाला, रोज सकाळी येतो, डोळे चुरचुरतात, मालकांना सांगितलं होतं. हा आवाजापेक्षा गंभीर मामला. मॅनिफोल्डमधून फुटलेला धूर डीपीएफच्या आधीचा, कच्चा. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. वास येतो तो त्याच्या सोबतच्या धुराचा.

तुटलेल्या स्टडच्या टोकावर नट वेल्ड केला, तापलेला असतानाच हळूहळू मागेपुढे करत बाहेर काढला. अर्धा दिवस त्यात गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, शिव्या सोडल्या तर. नवीन गॅस्केट, चारही बाजूंचे स्टड नवीन.

म्हणजे या गाडीत दोन टिकटिकी होत्या, एकाच वेगाच्या. एक सकाळची, एक दुपारची. आता मागचा हिशेबही लागतो. फेब्रुवारीत २०डब्ल्यू-५० घातल्यावर दुपारची टिकटिक थांबली, कारण डिझेल मिसळूनही ते ऑइल पुरेसं दाट राहिलं. सकाळचा आवाज वाढला, कारण मॅनिफोल्डची फुंकर तर होतीच आणि तिच्यात थंड, घट्ट ऑइल अ‍ॅडजस्टरपर्यंत पोचायला लागणारा वेळ मिसळला. दोन्ही ऑइलांत ४० अंशांनाच केवढा फरक असतो बघा: ५डब्ल्यू-३० साधारण ७० सेंटिस्टोक, २०डब्ल्यू-५० दीडशेच्या वर. पहाटे वीस अंशांना हा फरक आणखी रुंदावतो.

मग ऑइल कुठलं

मालकाचा मूळ प्रश्न हाच होता, आणि त्याला उत्तर द्यायला दोन दिवस लागले.

“सोलापूरचं ऊन” हा युक्तिवाद आमच्याकडे रोज ऐकू येतो. मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो हे खरं. पण इंजिनाचं पाणी थर्मोस्टॅट नव्वदीच्या आसपास धरून ठेवतो, बाहेर सोलापूर असो की महाबळेश्वर. बाहेरच्या उन्हाचा परिणाम ऑइलवर होतो, नाही असं नाही, पण पूर्ण लोड घेऊन चढ चढणाऱ्या गाडीत तो जाणवतो. सहा किलोमीटरच्या फेरीत ऑइल धड तापतही नाही. बुकात तापमानाप्रमाणे कोणती ग्रेड चालते याचा तक्ता असतो, उन्हाची काळजी असेल तर तो तक्ता बघावा. त्यात ५० नंबरपर्यंत जायची परवानगी नसेल तर जाऊ नये.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. १५डब्ल्यूची चाचणी उणे २० अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. सोलापुरात ही थंडी कोणी बघितलेली नाही, म्हणून लोक म्हणतात ५डब्ल्यूचा आपल्याला उपयोग काय. बर्फासाठी उपयोग नाही, पण पहाटेच्या पहिल्या काही सेकंदांसाठी आहे. तरी मी त्यावर हट्ट धरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या बीएस-३, बीएस-४ पिकअपमध्ये बुकातच १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं आणि त्या त्यावर लाखो किलोमीटर मजेत चालतात. त्यांच्यात “नवीन, भारी” म्हणून ५डब्ल्यू-३० घालणारेही भेटतात. तीही चूकच, फक्त उलट्या बाजूची.

बीएस-६ गाडीत, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या, आकड्यापेक्षा डब्याच्या मागची बारीक अक्षरं महत्त्वाची. ऑइलातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकचे घटक जळाल्यावर राख उरते. काजळी रीजनमध्ये जळते, राख जळत नाही, ती जाळीतच साठते. म्हणून डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यामागे ऑइलचा दर्जा लिहिलेला असतो: एसीईए सी३ मध्ये राखेची कमाल ०.८ टक्के, एपीआय सीके-४ मध्ये १ टक्का. जुन्या सीआय-४ ऑइलांत ती बऱ्याचदा याच्या वर असते. या गाडीत फेब्रुवारीत घातलेलं २०डब्ल्यू-५० सीआय-४ चंच होतं. आता, दोन महिन्यांच्या त्या ऑइलने डीपीएफ भरला असं मी म्हणणार नाही. राख फार हळू चढते, वर्षं लागतात. दिवा लागत होता तो अर्धवट रीजनमुळे. पण तेच ऑइल तीन-चार वर्षं घालत राहिला असता तर जाळी बदलायचं बिल इंजेक्टरच्या बिलाला लाजवणारं झालं असतं.

तेव्हा उत्तर: ऑइल तेच, बुकातलं, ५डब्ल्यू-३०, कमी राखेचं, बुकात लिहिलेल्या मान्यतेचं. बदलायचं ते ऑइलचं आयुष्य आणि गाडीची दिनचर्या. बुकात शहरातल्या, सारख्या थांबणाऱ्या कामासाठी वेगळा, कमी किलोमीटरचा सर्व्हिस तक्ता असतो, मागच्या पानांवर, कोणी उघडत नाही तिथे. तो पाळायचा. लोडिंगला इंजिन बंद. रीजन चालू असताना चावी काढायची नाही. आणि आठवड्यातून एकदा पुणे रस्त्याने मोहोळपर्यंत जाऊन यायचं, एका बाजूला साधारण पस्तीस किलोमीटर, मधे चहाला न थांबता.

मोहोळचं ऐकून मालक हिरमुसला. “नुसतं डिझेल जाळायला जायचं?” मी म्हटलं, मोहोळकडचं एखादं भाडं धरा. त्याने चार दिवसांत धरलं.

तीन महिन्यांनंतर

गोडाउनच्या दाराच्या आतल्या बाजूला ड्रायव्हरने खडूने ऑइलच्या पट्टीचं चित्र काढलंय, दर सोमवारी सकाळी थंड इंजिनावर लेव्हल बघून त्यावर रेघ मारतो. ऑगस्टमध्ये मी तिथे गेलो तेव्हा रेघा बघितल्या. सुमारे चार हजार किलोमीटरमध्ये लेव्हल दोन मिलिमीटर चढलेली. शून्य नाही, शहरात चालणाऱ्या गाडीत शून्य होणारही नाही. स्कॅनरवर शेवटची नऊ रीजन, सात पुरी. तापलेल्या इंजिनाला स्लोवर १.३ बार. केबिनमध्ये वास नाही.

पहाटे चावी मारल्यावर दोन नंबरचा एक अ‍ॅडजस्टर अजून दोन-तीन सेकंद वाजतो आणि गप्प होतो. रात्रभरात त्यातलं ऑइल उतरतं, तेवढंच. तो बदलायचा तर कॅम काढावा लागतो. मालकाने विचारलं, काढू या का? मी नको म्हटलं. ड्रायव्हर शेजारीच उभा होता, त्यालाही विचारलं. तो म्हणाला, “वाढलं तर सांगतो की.”